उन्हाच्या गावी राहायला जायचं का?

गेल्या फेब्रुवारीत लेकीकडे पोर्तुगालला जाऊन आले, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. फोटो बघून झाले, "मजा आहे बुवा तुमची" म्हणून झालं. धाकट्या बहिणीनं तर "आता तिथेच राहा गं" असा आशीर्वादही देऊन टाकला. लेकही हेच म्हणते आहे, आणि ती थट्टेनं म्हणत नाही. म्हणून फोटोंत जे दिसत नाही ते लिहायला आज बसले आहे. थोडं लांबेल. शिक्षकी सवय, घंटा झाल्याशिवाय थांबता येत नाही.

आधी ठिकाण सांगते. पोर्तुगालच्या नकाशात अगदी दक्षिणेला समुद्रालगत जी पट्टी आहे तिला अल्गार्व म्हणतात. नाव अरबी आहे. अल-गर्ब म्हणजे पश्चिम. पाचशेएक वर्षं तिथे मुसलमानी राज्य होतं. १२४९ मध्ये फारो शहर पोर्तुगीज राजाच्या हाती आलं, पण नाव तेच राहिलं. लिस्बनहून फारो पावणेतीनशे किलोमीटर, आगगाडीनं तीन-साडेतीन तास. वर्षाकाठी सुमारे तीन हजार तास ऊन पडतं म्हणतात. उत्तर युरोपातल्या माणसाला हा आकडा किती गोड लागत असेल ते आपल्याला कळणं कठीण. आपण उन्हातून सावलीत पळणारी माणसं.

आम्ही चार आठवडे राहिलो ते तावीरा या गावात. गावातून नदी वाहते, तिच्यावर सात कमानींचा जुना दगडी पूल, वर पडक्या किल्ल्यात बाग, आणि गावाबाहेर मिठागरं. मिठागरं बघून मी गाडी थांबवायला लावली. मी शिरोड्याची. ज्या गावात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. तेच चौकोन, तेच बांध, तीच खारट हवा. फरक इतकाच की तिथे पाण्यात गुलाबी रोहित पक्षी उभे होते, आणि मिठावरची पातळ साय लाकडी अवजारानं हातानं काढून छोट्या डब्यांत भरून सोन्याच्या भावानं विकतात.

बाजारात गेले तर तिसऱ्या! लसूण, लिंबू आणि चक्क कोथिंबीर घालून करतात. पाव म्हणजे पाँव, चावी म्हणजे शाव्ह, बादलीला बाल्द. पगार हा शब्द ज्या क्रियापदावरून आला ते रोज कानावर पडत होतं, कारण त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. मला वाटलं, ही तर आपलीच माणसं. दोनच दिवसांत कळलं की वीस शब्द ओळखीचे निघाले म्हणजे भाषा येत नाही. पण त्याकडे पुढे येते.

तर अशा जागी लेक एक दिवस म्हणाली, "आई, इथेच एक छोटा फ्लॅट भाड्यानं घेऊया तुझ्यासाठी. सांधे दुखणार नाहीत, पावसाळ्यात घर गळण्याची चिंता नाही, समुद्र आहे, मासे आहेत. आम्ही महिन्यातून दोनदा येऊ." बाबा गेल्यापासून तीन वर्षं ती या ना त्या रीतीनं हे सुचवते आहे. मी हसून टाळलं, पण डोक्यातून गेलं नाही. मग उरलेले दिवस मी पर्यटक म्हणून नाही, तर इथे राहायला येऊ पाहणारी बाई म्हणून गावात हिंडले. माझं जे मत झालं ते तिथेच झालं.

उन्हासाठी राहायला येणं ही तिथे नवी गोष्ट नाही. १९६५ साली फारोचा विमानतळ सुरू झाला आणि इंग्रज, जर्मन, डच मंडळी येऊ लागली. गंमत म्हणजे त्याच काळात पोर्तुगालची तरुण माणसं कामासाठी फ्रान्स-जर्मनीला जात होती. मनीऑर्डरवर जगलेल्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तावीराजवळच्या बारील नावाच्या पुळणीवर शेकडो गंजके नांगर वाळूत ओळीनं लावून ठेवलेत. ट्यूना पकडायची मोठी जाळी त्या नांगरांनी धरून ठेवायची. मासा कमी झाला, १९६० च्या दशकात धंदा बसला, कोळ्यांच्या खोल्यांत आज खानावळी आहेत. लोक त्या नांगरांसमोर उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढला.

मग सरकारनंही पाहुण्यांना गूळ लावला. २००९ पासून बाहेरून येणाऱ्यांना दहा वर्षं करात सवलत दिली. बाहेरच्या पेन्शनवर पुष्कळांना पोर्तुगालमध्ये कर नाही, आणि करारामुळे मायदेशातही नाही! फिनलंड आणि स्वीडन यावर इतके वैतागले की त्यांनी पोर्तुगालबरोबरचे करार मोडले. एकाचा २०१९ पासून संपला, दुसऱ्याचा २०२२ पासून. २०१२ पासून पाच लाख युरोंचं घर घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा अशीही सोय होती. घराच्या वाटेनं मिळणारा तो परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला, आणि करसवलतीची ती जुनी योजनाही २०२४ पासून नव्या लोकांना बंद केली. कारण उघड आहे. घरांचे भाव गावच्या माणसाच्या हाताबाहेर गेले. २०२३ मध्ये लिस्बन आणि अल्गार्व भागात नेमणूक होऊन आलेल्या शिक्षकांना घरभाड्यासाठी सरकारला मदत जाहीर करावी लागली. हे कळल्यावर मी त्या सुंदर पांढऱ्या घरांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. त्यातली कितीतरी फेब्रुवारीत बंदच होती. एका बाजूला कुलूपबंद घरं आणि दुसऱ्या बाजूला गावात राहायला खोली नसलेला मास्तर, हे चित्र मला काही पचेना.

आता मी काढलेली प्रश्नपत्रिका. अशा जागी स्थायिक व्हावंसं वाटलं तर प्रत्येकानं स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. सर्व प्रश्न अनिवार्य.

पहिला प्रश्न: हंगाम सोडून तिथे राहून पाहिलंय का? सूर्याच्या त्या मुलखात मला आयुष्यातली सगळ्यात जास्त थंडी घरात वाजली. दुपारी बाहेर स्वेटरशिवाय बसता यायचं, पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी थंडगार, भिंती ओलसर, घर तापवायची सोय एक छोटा विजेचा हीटर. रात्री पायमोजे, शाल, कानटोपी असा सरंजाम करून झोपायचे. उलट उन्हाळ्यात गावं माणसांनी फुटतात आणि पाण्याची चणचण भासते. २०२४ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे तिथल्या शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि शहरं व पर्यटन यांच्या पाण्यात १५ टक्के कपात ठरली होती. जाहिरातीत ऊन असतं. ऊन म्हणजेच पाऊस नाही, हे जाहिरात सांगत नाही.

दुसरा प्रश्न: भाषा शिकणार का? "तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं" हे दुकानापुरतं खरं आहे. वीजबिलाच्या वादाचं पत्र पोर्तुगीजमध्ये येतं, दवाखान्यातली बाई घाईत असली की पोर्तुगीज बोलते. कायम वास्तव्याचा परवाना हवा तर भाषा निदान प्राथमिक पातळीची आली पाहिजे असा नियमच आहे, आणि मला तो रास्त वाटतो. आमच्या गल्लीत एक डच आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. त्यांची पोर्तुगीज इतकी वाईट की मलासुद्धा कळायचं हे चुकतायत. पण रोज अकरा वाजता कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन गावच्या म्हाताऱ्यांबरोबर डॉमिनो खेळायचे. चुका करत बोलायचे, म्हातारे हसायचे, दुरुस्त करायचे. वर्गात जो चुकायला लाजत नाही तोच पुढे जातो, हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आले.

तिसरा प्रश्न जरा कठीण आहे. दोघं गेलात, त्यातलं एकच उरलं तर? शेजारच्या घरात एक इंग्रज बाई राहायच्या, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. नवऱ्याबरोबर वीसएक वर्षांपूर्वी आलेल्या. भाषा नवऱ्याला यायची, गाडी तो चालवायचा, कागदपत्रं तोच बघायचा. तो गेला आणि बाईंच्या लक्षात आलं की आपण या देशात राहत नव्हतो, नवऱ्याच्या शेजारी राहत होतो. हे शब्द माझे नाहीत, त्यांचे आहेत. माझ्या मोडक्या इंग्रजीत मला समजले तसे सांगते. मी विचारलं, परत का नाही जात? म्हणाल्या, तिथे आता माझं कोण आहे? आणि घर विकून तिथे खोलीही येणार नाही. २०२१ पासून ब्रिटनच्या लोकांना युरोपात १८० दिवसांत ९० दिवसच व्हिसाशिवाय राहता येतं, तेव्हा जे अर्धं वर्ष इकडे आणि अर्धं तिकडे करायचे त्यांचीही पंचाईत झाली. या बाईंकडे परवाना होता. तरी त्या अडकल्या होत्याच.

चौथा प्रश्न: आजारी पडल्यावर काय? तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे आणि ती चांगली आहे असं लोक म्हणतात. पण प्रत्येकाला नेमून दिलेला घरचा डॉक्टर असावा अशी जी पद्धत आहे, तो डॉक्टर अजून लाखो लोकांना मिळालेला नाही. मुख्य म्हणजे दुखतंय कुठे आणि कसं हे सांगायचं कोणत्या भाषेत? ठणकतंय, ठसठसतंय, कळ येते, चमक मारते. या चारांतला फरक मी मराठीतच सांगू शकते, आणि आमच्या डॉक्टरांना तोच हवा असतो.

पाचवा प्रश्न: माझ्या जाण्यानं तिथल्यांचं काय होतं? हा प्रश्न कुणी विचारत नाही. भाडेकरू म्हणून मी पैसे देईन, खरं. पण तेच घर एखाद्या मास्तरणीला, एखाद्या नर्सला हवं असेल. आणि ज्या मुलांच्या हातची कॉफी मी पिणार, ती बहुतेक मुलं नेपाळ, बांगलादेश, पंजाबातून आलेली. एक जालंधरचा मुलगा भेटला, तो मला माँजी म्हणायचा. एका खोलीत सहाजण राहतात म्हणाला. तिथे येऊन काम धरून मग परवाना मागायची जी वाट होती ती जून २०२४ मध्ये बंद झाली. ऊन खायला येणाऱ्याला निवासी म्हणायचं आणि त्याच उन्हात राबायला येणाऱ्याला घुसखोर, हे मला खटकलं. दोघंही परदेशीच ना?

आता उत्तरपत्रिका तपासते, माझीच. कायद्यानं जाता येईल का? पेन्शनवाल्यांसाठी जो व्हिसा आहे त्याला तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न लागतं. २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं. माझी पेन्शन त्याच्या जवळपासही नाही. दुसरी वाट म्हणजे लेक तिथली कायदेशीर रहिवासी आहे, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेली आई म्हणून अर्ज करायचा. "अवलंबून" हा शब्द वाचून मी चष्मा काढून पुसला. बाकी नशिबाचा खेळ पाहा. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर तेरेखोलचा किल्ला, तो गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जे गोव्यात जन्मले त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. माझा जन्म हद्दीच्या अलीकडचा. तिकडच्या नातेवाइकांत दोघांकडे तो पासपोर्ट आहे, आणि दोघांनीही लिस्बन पाहिलेलं नाही. ते त्याच्या जोरावर इंग्लंडला गेले.

हंगाम, भाषा, डॉक्टर, तिथल्यांचं हित, सगळीकडे मला काठावरचे गुण. हे सगळं मी लेकीला परतीच्या आदल्या रात्री मुद्देसूद सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, मला एक सांग. शिरोड्यात तुझ्या दोन्ही बाजूंची घरं बंद आहेत. समोरच्या काकू मुंबईला गेल्या. पुण्याच्या लोकांनी मागची वाडी घेतलीय, ते मे महिन्यात येतात. तू सकाळी दार उघडलं नाहीस तर कोणाच्या लक्षात येणार आहे? दूधवाल्याच्या?"

मला उत्तर सुचलं नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला एक प्रश्न सुटला होता, आणि तो विद्यार्थ्यानं विचारला. मी तावीराला जी कुलपं मोजत होते ती माझ्या वाडीतही आहेत. पुष्कळजण म्हणतील, "आपला गाव तो आपला गाव." मीही म्हणत आले. पण गाव म्हणजे माणसं, आणि माणसं गेली की उरतं ते फक्त हवापाणी. हवापाण्यासाठी शिरोड्याला चिकटून बसायचं आणि हवापाण्यासाठी तावीराला जायचं, यात तसा फरक काय?

तिथे एक दंतकथा सांगतात. अल्गार्वच्या मूर राजानं उत्तरेकडच्या देशातल्या राजकन्येशी लग्न केलं. राणी सुखात होती, पण झुरू लागली. वैद्य थकले. शेवटी तिच्याच देशाच्या एका माणसानं सांगितलं, हिला बर्फाची आठवण येते. राजानं राज्यभर बदामाची झाडं लावली. फेब्रुवारीत ती फुलली, डोंगर पांढरे झाले, राणी खिडकीतून बघून बरी झाली. आम्ही गेलो तेव्हा बदाम फुलले होते. मोठी गोड कथा आहे, गाईड लोक ती सांगून टाळ्या घेतात. माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. राणी फुलांनी बरी झाली असेलही, पण आपण का झुरतो हे कुणाला तरी कळलं, ही सुरुवात होती. आणि राजा त्याच महालात राहत होता. महिन्यातून दोनदा येत नव्हता.

तेच मी लेकीला सांगितलं. म्हटलं, "अगं, तू मला उन्हाजवळ ठेवते आहेस, तुझ्याजवळ नाही. लिस्बन ते तावीरा सुमारे तीनशे किलोमीटर. त्या अंतराला मी शिरोड्यात एकटी काय आणि तावीरात एकटी काय. माझे सांधे तुझ्या चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसली तरी एकदा चढून जातील, पण एकदाच." तिला रडू आलं. म्हणाली, लिस्बनमध्ये दोन खोल्या आहेत, भाडं कंबर मोडतं, नातीला अभ्यासाला जागा नाही, म्हणून तर तुझ्यासाठी दुसरीकडे बघत होते. हेही खरं. तिचा हेतू वाईट नव्हता, आणि माझाही हट्ट नव्हता. महाग शहर आणि म्हातारी आई यांच्यात उभी राहिलेली मुलगी जे करेल तेच ती करत होती.

म्हणून माझं मत असं. बघायला जरूर जा. अल्गार्वला जा, स्पेनच्या किनाऱ्यावर जा, जमेल तर फेब्रुवारीतच जा, बदाम बघा, तिसऱ्या खा. पण म्हातारपणी मुक्काम हलवायचा असेल तर आधी माणूस शोधा, मग हवामान. आपलं असं एक तरी माणूस चालत जाण्याच्या अंतरावर हवं. मग ते लिस्बनच्या ढगाळ गल्लीत असो की पुण्यातल्या वन बीएचकेत. आणि जिथे जाल तिथली भाषा चुकतमाकत का होईना बोला, म्हणजे तिथेही एखादा डॉमिनोवाला भेटेल.

माझं काय ठरलं? पुढच्या वर्षी पुन्हा ९० दिवसांच्या आत जाऊन येणार आहे, या खेपेला सगळे दिवस लिस्बनलाच. लेक तळमजल्यावरचं घर शोधते आहे. मिळेल न मिळेल. तोवर मी रोज सकाळी अर्धा तास पोर्तुगीज शिकते, वहीत तारीख घालून. आणि एक केलंय. मागच्या आळीतल्या शिंपीणबाई माझ्यासारख्याच एकट्या आहेत. सकाळी आठला त्या मला फोनवर एक रिंग देतात, मी त्यांना परत एक देते. उचलायचा नाही, पैसे जात नाहीत. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, सुट्टीच्या दिवशीसुद्धा?" म्हटलं, रविवारीसुद्धा.

असो. घंटा झाली. आठ वाजायला आले, रिंग यायची वेळ झाली आहे.